दिग्दर्शनकार बाळशास्त्री जांभेकर आणि त्यांचे विद्यार्थी

जानेवारी महिन्याची ६ तारीख महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळली जाते. इ. स. १८३२ साली त्या दिवशी मुंबईत 'दर्पण' नावाचे पत्र निघाले, त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे होते, आणि म्हणून त्यांस मराठी वृत्तपत्रांचे जनक म्हणतात, इतके आमच्या शाळेतील पाचव्या इयत्तेचा मुलगाही न अडखळता सांगेल. परंतु थोर पुरुषांच्या नशिबी एक चमत्कारिक गोष्ट असते. त्यांच्या एका कृत्याचा गौरव इतका होतो की, त्याच्या छायेत त्यांची दुसरी कृत्ये दिसेनाशी होतात. बाळशास्त्र्यांचे तसेच झाले आहे. 'दर्पणा'च्या तेजापुढे त्यांचे 'दिग्दर्शन' नावाचे मासिक फिके पडले. आमच्या मते मात्र विद्यार्थ्यांनी ज्याची आठवण ठेवावी ते हेच मासिक होय. कारण ते सृष्टिशास्त्र, गणित, भूगोल अशा विषयांस वाहिलेले होते, आणि ते चालविण्याच्या कामात एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांस हाताशी धरले होते. म्हणून या चरित्रात 'दर्पणा'चा विस्तार आम्ही करणार नाही; मासिकाच्या कथेकडे जाण्यास जेवढा लागेल तेवढाच करू.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ साली कोकणात पोंभुर्ले या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात मोडते. वडील गंगाधरशास्त्री हे विद्वान व पुराणिक. त्यांच्यापाशी मुलाचे प्राथमिक अध्ययन घरीच झाले; संस्कृताचा पाया तेथेच घातला गेला. त्या काळी शास्त्र्याच्या मुलाने शास्त्री व्हावे आणि यजमानांच्या आश्रयाने दिवस काढावे, हा ठरलेला क्रम होता. पेशवाईचा अंत १८१८ साली झाला, तेव्हा बाळ अवघा सहा वर्षांचा होता. जुना आश्रय गेला होता आणि नवा कोणता मिळणार हे कोणासच ठाऊक नव्हते. अशा संधिकाळात हा मुलगा १८२६ च्या सुमारास मुंबईस आला.

मुंबईत त्यास सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे सर्वांचे बापू छत्रे, यांचा आधार मिळाला. मुलांसाठी मराठीत सुबोध गोष्टींची पुस्तके प्रथम ज्यांनी लिहिली त्यांत बापूंचे नाव अग्रभागी आहे. शाळा काढणे व शाळांसाठी देशी भाषांत पुस्तके तयार करविणे हे काम करणाऱ्या शिक्षण मंडळीचे ते नेटिव सेक्रेटरी होते. त्यांच्या सहवासात बाळशास्त्र्यांनी इंग्रजी व गणित यांत असे प्रावीण्य मिळविले की, १८३० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच मंडळीत डेप्युटी सेक्रेटरीची जागा त्यांस मिळाली. आणि पुढे दोन वर्षांनी ते सेक्रेटरी झाले. संस्कृत, इंग्रजी, फारसी, गुजराती, बंगाली, कानडी अशा कितीतरी भाषा त्यांनी हस्तगत केल्या होत्या. आमच्या मुलांस तीन भाषांचे ओझे होते अशी तक्रार पालक आमच्यापाशी करतात, तेव्हा हा कोकणी मुलगा आम्हांस हटकून आठवतो.

'दर्पण' निघाले ते याच काळात. त्याचे एक अंग इंग्रजी व दुसरे मराठी असे. एकाच पानावर दोन स्तंभ. राज्यकर्त्यांनी लोकांचे मन जाणावे आणि लोकांनी जगाची वार्ता जाणावी, असा दुहेरी हेतु त्यात होता. प्रथम ते पाक्षिक होते, थोड्याच महिन्यांत साप्ताहिक झाले, आणि १८४० च्या जूनपर्यंत चालले. मध्यंतरी बाळशास्त्री अक्कलकोटच्या युवराजांस शिकविण्यास काही काळ गेले होते. १८३४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात असिस्टंट प्रोफेसर झाले. ही जागा मिळविणारे ते पहिले एतद्देशीय गृहस्थ.

येथून त्यांच्या आयुष्याचा जो भाग सुरू होतो तो आमच्या विषयाचा खरा गाभा आहे. वर्गात त्यांच्यापुढे बसत ते मुलगे मराठी, गुजराती, पारशी अशा नाना घरांतले. त्यांस गणित व सृष्टिशास्त्र शिकवावयाचे होते ते इंग्रजी ग्रंथांवरून. ऑर्लिबार साहेब विलायतेहून आले होते. ते गणित व ज्योतिष यांचे मोठे जाणते. पण शिक्षकाने इंग्रजीत सांगितलेले विद्यार्थ्याने इंग्रजीत घोकले आणि परीक्षेत इंग्रजीत उतरविले, म्हणजे ते त्यास समजले असे होते काय? आणि समजले असले तरी त्याच्या घरच्या मंडळींस, गल्लीतल्या दुकानदारास, गावच्या पंतोजीस त्याचा काय उपयोग? विद्या कॉलेजच्या भिंतीबाहेर पडतच नव्हती. ती बाहेर पडावी तर देशी भाषेतून पडावी लागेल. आणि देशी भाषेत तर तिच्यासाठी शब्दच नव्हते.

बाळशास्त्र्यांनी हे शब्द घडविण्यास आपल्यापासूनच आरंभ केला. त्यांचा 'शून्यलब्धि' हा ग्रंथ पाहा. आज आमचे अकरावी-बारावीचे विद्यार्थी ज्यास विकलन म्हणतात त्या गणितावरील तो मराठी ग्रंथ. नाव किती मार्मिक आहे! एखादी राशी घटत घटत शून्याच्या अगदी जवळ नेली असता जी लब्धी हाती येते तिचे हे गणित, असा बोध त्या एका समासातून होतो. विकलन या शब्दाने असा काही बोध होतो काय, हे आमच्या गणिताच्या शिक्षकांनी सांगावे. पंचवीस-तीस वर्षांचा तरुण, जवळ ना परिभाषेचा कोश, ना परिभाषेची समिती; असे असता कलनशास्त्रासाठी मराठी नाव शोधतो, हे धाडस लहान नव्हे. 'बालव्याकरण', 'नीतिकथा' आणि इतिहासाची पुस्तके ही त्यांची अन्य ग्रंथसंपत्ती. ती त्या काळी शाळांतून चालत असे.

तथापि ग्रंथ एकदा छापून झाला म्हणजे तो स्वस्थ बसतो. मासिकाची गोष्ट निराळी आहे. ते दर महिन्यास दारात उभे राहते, मागच्या महिन्यात जे सांगितले त्यापुढचे सांगते, आणि लिहिणारास आळस करू देत नाही. १८४० च्या मे महिन्याच्या १ तारखेस बाळशास्त्र्यांनी 'दिग्दर्शन' मासिक सुरू केले. मराठीतील हे पहिले मासिक. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याच जून महिन्यात 'दर्पण' बंद झाले. राजकारणाची व वादविवादाची वार्ता देणारे पत्र हातावेगळे केले आणि विद्येची वार्ता देणारे मासिक हाती घेतले! एखाद्यास यात माघार दिसेल. आम्हांस यात विचारपूर्वक केलेली निवड दिसते. वर्तमानपत्राने लोकांचे डोळे उघडतात हे खरे, परंतु उघडलेल्या डोळ्यांपुढे पाहण्याजोगे काही ठेवावयास नको काय?

'दिग्दर्शन' हे नाव यापूर्वीही एका मासिकास लाभले होते. बंगालात श्रीरामपूर येथील बॅप्टिस्ट मिशनने १८१८ साली तरुणांसाठी बंगालीत एक मासिक काढले, त्याचे नाव हेच. आणि त्यातही भूगोल, शोध, सृष्टीतील चमत्कार यांवर लेख येत. दिशा दाखविणे हा त्या नावाचा अर्थ. तरुणांस दिशा दाखवावयाची ती विद्येची, असे हुगळीकाठच्या मिशनऱ्यांस जसे वाटले तसेच बावीस वर्षांनी मुंबईच्या या शास्त्रीपुत्रासही वाटले, हा योग मोठा मनोहर आहे.

आमच्या मासिकात काय असे? भूगोल, इतिहास, व्याकरण, गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वनस्पती-प्राणी इत्यादी निसर्गाची माहिती. आणि केवळ शब्दांवर भिस्त न ठेवता नकाशे व आकृत्या. आज आकृती काढणे म्हणजे काही विशेष नाही. परंतु मराठी छपाई तेव्हा बाल्यावस्थेत होती. देवनागरी खिळ्यांचे छापखाने मुंबईत बोटांवर मोजण्याइतके. त्यांत अमेरिकन मिशनचा छापखाना प्रमुख, आणि त्याच छापखान्यात काम शिकून गणपत कृष्णाजी यांनी पुढे स्वतःचा प्रख्यात छापखाना उभारला. बहुतेक मराठी मजकूर शिळाछापावर निघे. म्हणजे खास शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवावयाचा, आणि त्या दगडावरून कागदावर छाप घ्यावयाचा. अशा दिवसांत दर महिन्यास शास्त्रीय मजकूर, आकृत्या आणि नकाशे यांसह मासिक काढावयाचे म्हणजे काय दगदग असेल, याची कल्पना आमच्या वार्षिकाच्या संपादक मंडळास येईल; इतरांस येणे कठीण.

या दगदगीत बाळशास्त्री एकटे नव्हते. गोविंद विठ्ठल कुंटे, ज्यांस आपण भाऊ महाजन या नावाने ओळखतो, ते त्यांच्या मदतीस होते. याच भाऊंनी पुढे १८४१ साली 'प्रभाकर' पत्र काढले आणि लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध केली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, बाळशास्त्र्यांचे विद्यार्थीही या कामात त्यांस साहाय्य करीत. त्यांपैकी एक रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे पुढे डॉक्टर भाऊ दाजी म्हणून विख्यात झालेले. दुसरे दादाभाई नौरोजी. 'दिग्दर्शन' निघाले तेव्हा दादाभाईंच्या वयास पंधरा वर्षेही पुरी झाली नव्हती. आमच्या नववीच्या वर्गात जे मुलगे बसतात त्यांच्या वयाचा हा पारशी मुलगा. त्याची घरची भाषा गुजराती. आणि तो गुरुजींच्या मराठी शास्त्रीय मासिकाच्या कामात हातभार लावीत होता!

पालकांपैकी कोणी विचारतील की, मुलांनी अभ्यास करावा की मासिके काढावी? हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. वर्षाअखेर परीक्षा आहे, पुढे प्रवेश आहेत, एकेका गुणासाठी चढाओढ आहे. वाघोली हे एके काळचे लहानसे गाव. ते २०२१ साली पुणे महानगरपालिकेत सामील झाले. आजूबाजूस अभियांत्रिकी महाविद्यालये उभी आहेत; त्यांच्या दाराशी आपला मुलगा वा मुलगी कधी पोहोचते, याची चिंता घरोघर आहे. ती चिंता आम्ही जाणतो. परंतु लिहिणे हा अभ्यासाचाच भाग आहे की अभ्यासाची चोरी, याचा विचार नीट झाला पाहिजे.

एक साधे उदाहरण घेऊ. वातावरणाचा दाब हा धडा आमचे विद्यार्थी वाचतात. व्याख्या पाठ होते, सूत्र पाठ होते, गुण मिळतात. आता त्याच विद्यार्थ्यास सांगावे की, नळीने सरबत ओढले असता ते वर का चढते, हे तुझ्या आजीस समजेल असे एका पानात लिही. पहिल्या चार ओळींतच त्याची त्रेधा उडते. आपण नळीतील हवा ओढून घेतो म्हणून सरबत वर येते, असे तो लिहितो. मग आजी विचारणार की, हवा गेली तर सरबताने का यावे? त्यास ढकलले कोणी? तेथे विद्यार्थ्यास थांबावे लागते. पेल्यातील सरबताच्या पृष्ठावर बाहेरची हवा भार देत आहे, आणि नळीत तो भार कमी झाला आहे, हे त्यास नव्याने जुळवावे लागते. हे जुळविणे म्हणजेच समजणे. परीक्षेचा कागद परीक्षक एकदा पाहतो आणि तो गठ्ठ्यात जातो. छापलेल्या लेखातील चूक मात्र शेजारीही दाखवितो. या धाकाने जी काळजी उत्पन्न होते, ती व्याख्या घोकून उत्पन्न होत नाही.

बाळशास्त्र्यांच्या विद्यार्थ्यांपुढे तर याहून कठीण काम होते. ज्या घरात ग्रहण लागताच स्नान, जप, दान यांची धांदल उडे, त्या घरात पृथ्वीच्या छायेची गोष्ट सांगावयाची. तीही अवमान न करता, आणि खोटेही न बोलता. स्वतः बाळशास्त्री एका हाती जुने ज्योतिष व दुसऱ्या हाती नवे खगोलशास्त्र घेऊन उभे होते. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी काही काळ पाहिले. पंचांग जाणणारा आणि दुर्बीण जाणणारा असा एकच मनुष्य गुरु म्हणून लाभणे हे त्या मुलांचे भाग्य होय.

याच सुमारास आणखी एका ठिकाणी असाच उद्योग चालू झाला होता. वाघोलीवरून जो रस्ता ईशान्येस जातो तो अहमदनगरास पोहोचतो. आज त्या शहरास अहिल्यानगर म्हणतात. तेथे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली 'ज्ञानोदय' पत्र काढले. धर्मविषयक लेखांबरोबर त्यात सृष्टिविज्ञान, खगोल, प्राणी यांची सचित्र माहिती येत असे. 'ज्ञानोदय' व बाळशास्त्री यांची मते अनेक बाबतीत विरुद्ध होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाच्या मुलाचे प्रकरण गाजले. त्याचे वडील बंधू नारायण यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. तेव्हा त्यास जातीत परत घ्यावे की नाही, यावर ब्राह्मण मंडळीत मोठी रणधुमाळी माजली. घ्यावे, या पक्षाचे पुढारी बाळशास्त्री होते. त्यापायी स्वजनांचा रोष त्यांनी पत्करला. आम्ही ज्या परंपरेत वाढलो तिला हा निकाल प्रिय वाटला नसेल. परंतु भिन्न तीरांवर उभे असलेले हे लोक विद्येच्या बाबतीत एकाच नावेत बसले होते, हे विसरू नये. पृथ्वी वाटोळी आहे हे दोघेही मराठीतच सांगत होते.

बाळशास्त्र्यांच्या उत्तरायुष्यातील कामांची यादी वाचू लागले म्हणजे श्वास कोंडतो. ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांवर त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात निबंध लिहिले. १८४५ साली ज्ञानेश्वरीची शिळाछाप प्रत त्यांनी काढली. ज्ञानेश्वरी छापून निघण्याचा तो पहिलाच प्रसंग. वाचनालय स्थापण्यात पुढाकार घेतला. शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे प्रमुखपण आणि शाळांची तपासणी हीही त्यांच्याकडे आली. शिवाय 'दिग्दर्शन' होतेच. ते सुमारे पाच वर्षे त्यांनी चालविले. विद्यार्थ्यांनी एकत्र जमून निबंध वाचावे व त्यांवर चर्चा करावी, यासाठी त्यांनी नेटिव इंप्रूव्हमेंट सोसायटी नावाची मंडळीही उभी केली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या उद्योगांत हेच बीज सर्वांत दूरवर रुजले.

१८४६ च्या मे महिन्यात अल्पशा आजाराने बाळशास्त्र्यांचा मुंबईत अंत झाला. वय अवघे चौतीस. मासिक त्यापूर्वीच थांबले होते. त्या क्षणी कोणी हिशेब मांडला असता तर तो तोट्याचाच निघाला असता. 'दर्पण' बंद, 'दिग्दर्शन' बंद, आणि कर्ता पुरुष गेलेला. वाचणारे मूठभर, त्यांतही वर्गणी वेळेवर देणारे त्याहून थोडे, हा तर मराठी मासिकांचा जन्मजात रोग. ज्यास आकड्यांतच यश मोजावयाचे आहे, त्याने येथेच चरित्र मिटावे.

परंतु दोनच वर्षांनी, १८४८ च्या जून महिन्यात, एल्फिन्स्टन विद्यालयातील विद्यार्थी व नुकतेच विद्यार्थीदशा संपविलेले तरुण यांनी, प्रोफेसर पॅटन यांच्या उत्तेजनाने, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही संस्था स्थापन केली. नाव पाहा: विद्यार्थ्यांची, वाङ्मयाची आणि विज्ञानाची सभा! तिच्या चालकांत दादाभाई नौरोजी होते. भाऊ दाजी हे पुढे तिचे पहिले एतद्देशीय अध्यक्ष झाले. ज्या दोघांनी मुलगे असताना 'दिग्दर्शना'च्या कामात हात काळे केले होते तेच हे दोघे. गुरूने एकट्याच्या खांद्यावर जे ओझे वाहिले होते ते आता बाराचौदा खांद्यांवर वाटले गेले.

या तरुणांनी एक चतुराई केली. सभेची मुख्य भाषा इंग्रजी ठेवली, पण तिच्या देशी शाखाही काढल्या. मराठी शाखेचे नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांस दिले. गुजराती शाखेचा भार दादाभाईंनी उचलला. शाखांच्या बैठकीत सभासदाने एखाद्या शास्त्रीय वा व्यावहारिक विषयावर निबंध वाचावा, इतरांनी प्रश्न विचारावे, आणि कसोटीस उतरलेले निबंध छापावे, अशी रीत पडली. त्यातून १८५० साली 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघाले. आज विद्यापीठांतून विज्ञानाची नियतकालिके निघतात, त्यांत लेख छापण्यापूर्वी जाणत्यांनी तो तपासावा असा दंडक आहे. तोच दंडक, त्याचे मोठे नाव माहीत नसता, या मुलांनी पाळला. आणि ध्यानात घ्या की, मुंबई विद्यापीठ तोवर जन्मासही आले नव्हते. ते १८५७ साली स्थापन झाले. म्हणजे आमच्या इलाख्यात विद्यापीठ आधी आणि विद्यार्थ्यांचे विज्ञानपर लेखन मागाहून असे झाले नाही. लेखन सात वर्षे आधीच चालू होते. विद्यापीठाचे जे पहिले फेलो नेमले गेले त्यांत भाऊ दाजींचे नाव आहे.

'ज्ञानप्रसारका'त ज्यांनी लिहिले त्यांपैकी केरो लक्ष्मण छत्रे, अर्थात केरूनाना, यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आम्हा पुणेकरांस पुढे जाववत नाही. मूळचे कुलाबा जिल्ह्यातील नागावचे. कोवळ्या वयात कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबार यांच्या हाताखाली हवामानाचे व लोहचुंबकाचे वेध घेण्यास शिकले. पुढे ते पुण्यास आले आणि कॉलेजात गणित व सृष्टिशास्त्र शिकवू लागले. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनांची कोष्टके' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. आकाशातील ग्रह जेथे प्रत्यक्ष दिसतो तेथेच तो पंचांगातही असावा, या आग्रहातून १८६५ साली पटवर्धनी पंचांग निघाले. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात त्यांचेच विद्यार्थी. टिळकांची गणितावरील व पंचांगशोधनावरील भक्ती कोठून आली, हे वेगळे सांगावयास नको.

भाऊ दाजींची गोष्ट अशीच. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, त्यात ते शिरले आणि पहिल्या तुकडीबरोबर वैद्य होऊन बाहेर पडले. महारोगावर औषध शोधण्यात त्यांनी वर्षे घालविली. शिलालेख वाचण्याचा गुरूचा नादही त्यांस लागला होता. भायखळ्याचे संग्रहालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. दादाभाई तर त्याच एल्फिन्स्टन विद्यालयात गणित व सृष्टिशास्त्राचे प्रोफेसर झाले आणि १८९२ साली विलायतेच्या पार्लमेंटात निवडून गेले. हिंदुस्थानचे द्रव्य बाहेर कसे वाहून जाते, हे त्यांनी भावनेने नव्हे तर आकड्यांनी सिद्ध केले. ही आकड्यांची शिस्त व ती साध्या भाषेत मांडण्याची सवय त्यांस तरुणपणीच्या निबंधांनी लाविली, असे मानण्यास आम्हांस तरी अडचण वाटत नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. या सभेत निबंध वाचता वाचता एक प्रश्न पुढे आला, तो मुलींच्या शिक्षणाचा. नुसता ठराव करून हे तरुण थांबले नाहीत. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि आरंभी स्वतःच पाळीपाळीने, विनावेतन, त्यांत शिकविले. नाना शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात मराठी शाळेस जागा दिली. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली जे आरंभिले त्याचीच ही मुंबईतील भावंडे. शास्त्रीय मासिक काढणारी मुले मुलींस शिकवू लागतील, असे 'दिग्दर्शना'च्या वर्गणीदारांस स्वप्नातही वाटले नसेल. परंतु ज्यास ज्ञान वाटण्याची एकदा सवय लागली, त्यास ते कोणापासून वगळावे हे कळेनासे होते.

आमच्या या वार्षिकाच्या मराठी विभागाकडे कथा, कविता व सहलींची वर्णने पुष्कळ येतात. ती आनंदाने छापली जातात. विज्ञानाचे लेख मात्र मागून घ्यावे लागतात, आणि मागितले म्हणजे विद्यार्थी म्हणतात की, विज्ञान मराठीत लिहावयाचे कसे, शब्द कोठून आणावे? १८४० साली विश्वकोश नव्हता, परिभाषा नव्हती. आज ती सर्व कपाटात आहेत. वाघोलीच्या विहिरींचे पाणी मे महिन्यात किती खाली जाते, पहिल्या पावसापूर्वी मुंग्या कोठे जातात, नगर रस्त्यावरील धुळीने झाडांच्या पानांचे काय होते, हे पाहून, मोजून, लिहून आणण्यास प्रयोगशाळाही लागत नाही. दोरी, वही आणि धीर पुरे.

'मराठी ज्ञानप्रसारक' सतरा वर्षे चालले. एकोणिसाव्या शतकातील मराठी मासिकास हे आयुष्य दीर्घच म्हणावे लागेल. शिक्षकाने काढलेल्या मासिकापेक्षा विद्यार्थ्यांनी काढलेले मासिक तिपटीहून अधिक जगले. १८६७ साली ते बंद पडले. त्याच वर्षी मुंबईत रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी 'विविधज्ञानविस्तार' सुरू केले, आणि ते १९३७ पर्यंत निघत राहिले.